खिशातला हात

"हात थरथरायला लागून किती दिवस झाले, कर्नल?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन महिने," मी ठोकून दिलं.

"दोन वर्षं," शेजारून मालती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं परक्यासमोर माझं बोलणं कधी खोडलं नव्हतं.

बाईंनी हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला आणि शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावले. ब्याण्णवला पोचलो तोच उजवा हात आपोआप नाचायला लागला. मग खोलीत चालवलं. "चालताना डावा हात हलतो, उजवा हलत नाही. पार्किन्सन्स आहे." म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामिन नावाचं द्रव्य मेंदूत कमी पडतं. गोळ्यांनी आजार आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही.

अहो, सेनादलाच्या संघातून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेला, स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस मी. दोन वर्षं हात खिशात लपवत होतो. निवृत्तीनंतर आम्ही दक्षिणेत स्थायिक झालोय; पंधरा ऑगस्टला इथल्या आमच्या सोसायटीत झेंडा मीच वर चढवतो. दोरी हातात थरथरेल म्हणून यंदा तापाचं सोंग करून घरात पडून राहिलो. शेजाऱ्यांच्या लग्नात केळीच्या पानावर बसलोच नाही, उपाशी परतलो.

टोकन हातात धरून औषधांच्या रांगेत बसलो होतो. तिथे पाटोळे आठवला आणि कानशिलं तापली.

हवालदार पाटोळे आमचा वेगवान गोलंदाज, मी कप्तान. एका सामन्यात जेवणाच्या सुट्टीनंतर तो म्हणाला, "साहेब, खांद्यातून कळ येतीय. डॉक्टरला दाखवून येतो." फौजेत आजारी म्हणून नाव देणारा कामचुकार, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "बहाणे घरी सांग. चेंडू घे." त्यानं मुकाट्यानं घेतला आणि दिवसभर टाकत राहिला. पुढच्या मोसमात तो संघात नव्हता. का नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही. लिहितानाही लाज वाटते.

गोळ्या लागू पडायला दीड महिना गेला. थरथर कमी झाली, तरी सांबार सदऱ्यावर सांडायचंच. मालती समोर असली की मी जेवायचं टाळायचो. शेवटी जुन्या सोबत्यांकडून नंबर मिळवला आणि पाटोळेला फोन लावला. आजार सांगितला, माफी मागितली.

तो म्हणाला, "साहेब, लई वर्षं राग होता. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. डाव्या हातानं जेवतो. लोक बघत्यात, बघू द्या. तुम्ही पण शिका. भात पहिल्यांदा नको, सांडतो. तिकडं इडली असती न्हवं? तिच्यापासून चालू करा."

फोन ठेवला आणि ढसाढसा रडलो.

तुमचा हात थरथरत असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी खरं सांगा. माझी दोन वर्षं फुकट गेली.

काल मालतीच्या बहिणीकडे सगळ्यांच्या पंगतीत बसून डाव्या हातानं तीन इडल्या खाल्ल्या. उजवा हात मांडीवर थरथरत होता. राहू दिला.