कलती मान

माघी गणपती उरकले की आमच्या चिपळूणच्या कारखान्यात जरा उसंत मिळते. रंगांचे डबे झाकले, शाडूच्या गोणी ओल लागणार नाही अशा उंचावर चढवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो. कल्याणला गाडी बदलून पुढं अकोला. शेजारच्या काकांनी विचारलं, "एवढ्या लांब काय काढलंस?" सासुरवाडीला जातोय म्हटलं, तर त्यांनी माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. माझी बायको सुनंदा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

सुनंदा वऱ्हाडातली. जिल्हा परिषदेची मास्तरीण म्हणून ती आमच्याकडे आली. तिच्याबरोबर आलेले तिकडचे सगळे मास्तर बदल्या करून एकेक परत गेले. ती राहिली, कारण तिनं माझ्याशी लग्न केलं. पण कोकणातली हिरवळ तिच्या डोळ्यांत कधी भरली नाही. थंडी पडली की म्हणायची, "आमच्याकडं आता कापूस फुटला असेल. नजर टाकावी तिथवर रान मोकळं. इथं मेलं कुठंही बघा, समोर डोंगर."

मी आयुष्यभर गणपती केले. ती गेल्यावर वाटलं, एक मूर्ती तिची करावी. मोठी नको, वीतभर, फडताळात ठेवण्याजोगी. नाक जमलं, हनुवटी जमली, अंबाडाही जमला. पण मूर्ती पुरी झाली की तिच्याकडं बघून मला काही बोलावंसं वाटेना. चार वेळा केली, चारही वेळा परत मातीत कालवली. शेवटी ठरवलं, जिनं तिला लहानपणापासून पाहिलंय तिच्याकडं जावं. सुनंदाची थोरली बहीण विमलताई अकोल्यात राहते. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी आणि जिभेनं तिखट.

भुसावळ गेलं तेव्हा उजाडत होतं. खिडकीबाहेर काळी जमीन, वाळून करडी पडलेली तुरीची धसकटं, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांमधून उडून बसलेले असणार. फेब्रुवारीत थंडी कसली, म्हणून मी स्वेटर आणला नव्हता. अकोल्याला उतरलो तेव्हा अंगावर टॉवेल गुंडाळलेला होता.

ताईंनी दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय हो बापू, आंघोळीले निघाले का?" आणि आत जाऊन कपाटातली शाल आणून दिली.

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे), वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं असतं. सुनंदा आमच्या परसात नारळाच्या सोडणांवर हे करायची आणि दर वेळी म्हणायची, नाही जमले. मला ते नेहमीच चांगले लागायचे. ताईंचा पहिला घास खाल्ला आणि कळलं, तिचे खरंच जमत नव्हते.

जेवणं झाल्यावर मी फोनमधले मोडलेल्या मूर्तींचे फोटो दाखवले. ताईंनी चष्मा लावून एकेक मोठा करून पाहिला.

"नाकडोळे तिचेच हायेत," त्या म्हणाल्या. "पण मान सरळ कावून (का) केली?"

"मूर्तीची मान सरळच शोभते. माझ्याशी बोलताना ती मान कलती करायची खरी. पण ती आमच्या दोघांतली सवय. नवी नवरी होती तेव्हापासूनची."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "उद्या अमरावतीले जाऊ. माह्या ओळखीचे एक मूर्तिकार हायेत, प्रकाशभाऊ. तिथं माती भेटंल, बसाले जागा भेटंल. तिकडून आमचं गावही दाखवतो."

सकाळची एस.टी. मूर्तिजापूरच्या पुढं पंक्चर झाली. सगळे उतरले. कंडक्टरनं शांतपणे तंबाखू मळायला घेतली, त्यावरून काय ते समजलो. समोर एक टपरी होती. आम्ही आलूबोंडे घेतले आणि बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिलो. ताईंनी बोंडा हातातच धरून ठेवला होता.

"बापू, एक विचारू? तुमाले सुनंदाच्या कानाचं मालूम नव्हतं?"

"कसलं?"

"तिले उजव्या कानानं आयकू येत नव्हतं. पहिलीत होती तवा ताप आला, त्याच्यात गेला तो कान. ठार."

मला आधी हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा एक कान बंद आहे हे नवऱ्याला कळत नाही, असं कुठं असतं? मी म्हटलं, "ताई, तिनं शाळेत पोरं शिकवली. माझ्याशी तासन्‌तास बोलायची."

"डावा कान चांगला होता ना. मान वळवून तोच पुढं करे. बाबानं सांगतलं होतं, कोनाले बोलायचं नाही. पोरीले बहिरी म्हनलं का लगन होत नाही. तुमचं लगन जमलं तवा मी तिले म्हनलं, सांग त्याले, मानूस चांगला हाये. ते (ती) म्हने, सांगतो. मंग दरवर्षी विचारलं का म्हने, सांगतो." ताईंनी बोंडा परत कागदात गुंडाळला. "मंग मी विचारनं सोडून देल्लं."

टायर बदलून झालं, गाडी सुरू झाली. ताई खिडकीशी बसल्या, मी शेजारी. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. रस्त्यानं चालताना ती मला कायम डाव्या हाताला घ्यायची. पावसाळ्यात कौलं फुटतील असा मारा होई, तेव्हा मी जागा आणि ती डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत, गाढ झोपलेली. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मात्र ती उजव्या कुशीवर झोपायला लागली. मी म्हणायचो, कूस का बदललीस? ती म्हणायची, सवय लावतेय. आईनं नुसतं कण्हलं तरी ती उठून बसे.

अमरावतीला गाडी बदलून आधी नांदगाव खंडेश्वर गाठलं आणि तिथून ऑटोनं त्यांच्या गावी गेलो. घर विकलेलं, तिथं आता नव्या माणसांची स्लॅबची इमारत आहे. शाळा मात्र तीच. सुट्टी होती, म्हणून खिडकीतूनच आत पाहिलं. ताई म्हणाल्या, "ते तिकडे बसे. उजव्या भिंतीले टेकून. गुरुजी म्हनत, पोरगी लाजाळू हाये, कोपरा सोडत नाही." म्हणजे बंद कान भिंतीकडं, चांगला वर्गाकडं. पायाखाली काळ्या जमिनीला रुंद भेगा पडलेल्या होत्या आणि चहूकडं खरंच एकही डोंगर नव्हता.

प्रकाशभाऊंचा कारखाना अमरावतीत, पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या धंद्यातल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. त्यांनी मळलेली शाडू दिली, पाट दिला आणि एवढंच विचारलं, "कोनाची करून राहिले (करताय)?"

"बायकोची."

"मंग सावकाश करा," असं म्हणून ते आपल्या देवीच्या साच्याकडं वळले.

मी ताईंना समोर खुर्चीवर बसवलं. दोघी बहिणींची गालफडं सारखीच. म्हटलं, ताई, सुनंदा ऐकायची तशी बसा. त्यांनी आधी मान नुसती वाकडी केली, मग म्हणाल्या, "असं नोये (नाही). ते पहिले तोंडाकडे पाहे." आणि त्यांनी नजर माझ्या ओठांवर ठेवून चेहरा हळूच वळवला, डावा कान पुढं आणला. माझे हात थांबले. ताई तशाच बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही, मान हलेल म्हणून.

दोन दिवस काम चाललं. अमरावतीतच मुक्काम, संध्याकाळी चौकात जाऊन दही-चटणी ओतलेला गिला वडा खायचा आणि ताईंच्या नात्यातल्या एका मुलीकडं झोपायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मूर्ती पुरी झाली. मोठं काही नाही, मांडी घालून बसलेली बाई, हात मांडीवर, मान कलती. मी थोडा मागं सरलो. बऱ्याच दिवसांनी तिच्याशी बोलावंसं वाटलं. एवढ्या माणसांत बोललो नाही.

परतीच्या गाडीत ताईंनी मूर्ती शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. धक्का बसला की हात आडवा धरत. अकोल्याला घरी पोचल्यावर मी बॅग भरायला बसलो, तर ती टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवलेली दिसली. आधी तिथं असलेली काचेची फुलदाणी खाली जमिनीवर आली होती. ताई स्वयंपाकघरात वाटेसाठी भाकरी थापत होत्या. मी ती मागितली नाही. सुनंदाला आम्ही कोकणात ठेवून घेतलं ते घेतलंच. एवढं तरी तिच्या बहिणीकडं राहावं.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "राग नका धरू तिचा."

"राग नाही, ताई."

चिपळूणला आलो तर अंगणात फणसाच्या पानांचा खच पडला होता. आठवड्यानं ताईंचा फोन आला. नवी शेजारीण आली होती म्हणे, कपाटाकडं पाहून विचारत होती, ही कोण? "म्या म्हनलं, माही लहानी बहीण हाये. आयकून राहिली."

वऱ्हाड पाहून आलो खरा, पण लोक विचारतात काय पाहिलं, तर मला नीट सांगता येत नाही. सपाट रान पाहिलं, एक शाळा पाहिली. दुसरी मूर्ती आता मला समोर कुणी न बसवता करता येईल. हातांना ती मान कळली आहे. तरी अजून माती भिजवलेली नाही. ती कलती मान म्हणजे माझ्यावरची माया असं मी उभा जन्म धरून चाललो होतो. आता वाटतं, मी काय बोलतो यातलं काही निसटू नये म्हणून ती एवढा जन्म मान वाकडी करून राहिली, तर त्याला दुसरं काय म्हणायचं? फक्त ते तिनं मला सांगायला हवं होतं. एखाद्या संध्याकाळी, पडवीत, चहा पिताना सहज. मी काय म्हणालो असतो, ते मात्र अजून ठरत नाही. बहुधा उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो असतो.