आबांची हजेरी

ठाण्यात प्लेग यायच्या चारपाच वर्षं आधीची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तुरुंगावर जमादार होते. पेन्शनीत निघून दहा वर्षं झाली आणि त्यांना म्हातारचळ लागला. आपण अजून कामावर आहोत, घरातली माणसं कैदी आहेत, असं त्यांना वाटू लागलं.

पहिला मार आईने खाल्ला. चुलीपुढून उठून ती परसात निघाली, तर "पळतेस काय?" म्हणून त्यांनी दाराचा अडसर तिच्या हातावर घातला. करंगळी मोडली, ती कायमची वाकडी राहिली. मग ते रोजचंच झालं. माझ्या बायकोच्या कपाळाला खोक पडली. शेजारीपाजारी फिरकेनासे झाले.

वैद्यांनी टाळूवर तेल थापायला सांगितलं. आबांनी तेलाची वाटी त्यांच्याच तोंडावर फेकून मारली. मग बाळकुमहून भगत आणला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, विळा तापवून पोटऱ्यांवर डाग दिले. पाय मी धरले होते. आबा ओरडत होते, "साहेब, मी कैदी नाही, साहेब!"

डाग चिघळले आणि मार वाढला. एका संध्याकाळी त्यांनी मागून येऊन माझ्या गळ्याला पंचा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा सुटलो आणि त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात पडले. रक्त न पुसताच ते म्हणाले, "मोजणी जुळत नाही. सगळे बाहेर या."

आई पुढे आली. मला म्हणाली, "गप उभा राहा भिंतीशी." सुनेला बोलावलं, स्वतः शेवटी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हजर, जमादार!"

आबांनी बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. "बरोबर," म्हणाले आणि खाली बसले. आईने पेज दिली, ती आबा मुकाट्याने प्याले.

त्यानंतर रोज दिवेलागणीला आम्ही भिंतीशी उभे राहत असू. मला फार लाज वाटे. "नवऱ्यापुढे असं उभं राहायचं?" मी आईला एकदा विचारलंच.

"मग काय करू? पुन्हा विळा तापवू?" ती म्हणाली.

मार अगदीच थांबला असं नाही. हजेरीला उशीर झाला की हात उठायचा. पण अडसर त्यांनी पुन्हा उचलला नाही. दीड वर्षाने तापाने गेले. शेवटचे आठ दिवस ते कुणालाच ओळखत नव्हते. आईने पाणी पाजायला त्यांची मान उचलली, तरी घाबरून अंग चोरायचे.