नऊ वाजताचा फोन

संगीता राठोडच्या हातच्या मशीनमध्ये ज्यानं फुंकलं नाही असा दारुडा दिग्रस तालुक्यात दिवा घेऊन शोधावा लागेल, असं लोक थट्टेनं म्हणत. अकरा वर्षं ती होमगार्ड. नाकाबंदी लागली की मशीनला नवी नळी लावून ती चालकाच्या तोंडासमोर धरायचं काम जमादार गुल्हाने तिच्याकडेच देत. नळीची पिशवी ती माणसाच्या डोळ्यांदेखत फाडायची आणि म्हणायची, "घ्या मोठा श्वास. मी थांब म्हनेपर्यंत फुंका." वास लपवायला कोणी पेरूची पानं चघळून यायचं, कोणी कच्चा कांदा खाऊन. एक बहाद्दर तर दात घासायची पेस्ट गिळून आला होता. काही जण गाल फुगवत आणि हवा मात्र आत ओढत. त्यांना ती शांतपणे सांगायची, "काका, चूल फुंकता ना घरी? तसं फुंका." तिच्या बंजारा तांड्याच्या नायकाचा पुतण्यासुद्धा तिनं सोडला नव्हता. नायक चार महिने तिच्याशी बोलला नाही, आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नाही.

नवऱ्यानं दोन वर्षांतच दुसरीकडे संसार मांडला, तेव्हापासून ती माहेरच्या तांड्यावर आई मानीबाईजवळ राहायची. धाकटा भाऊ शाम दिग्रसला बायकोपोरांसह राहायचा आणि पुसद रोडच्या गावांना काळीपिवळी जीप चालवायचा. हा शाम म्हणजे संगीताचा जीव. आई कापूस वेचायला गेली की सात वर्षांची संगीता दोन वर्षांच्या शामला कडेवर घेऊन तांडाभर हिंडायची. अंगानं तो तिच्याहून जड वाटायचा, पण खाली म्हणून ठेवायची नाही.

तीन वर्षांपूर्वी या शामनं पिऊन भरलेली जीप नाल्यात घातली. माणसं वाचली ती त्यांच्या नशिबानं. संगीतानं त्याला दंडाला धरून सेवालाल महाराजांच्या देवळासमोर नेलं. पांढऱ्या झेंड्याच्या काठीवर हात ठेवून शाम रडत म्हणाला, "आता थेंब घेणार नाही, बाई." बाई म्हणजे बहीण. संगीताही रडली, आणि दारू सुटली असं तिनं धरून टाकलं. दुनियेला मशीन लावणाऱ्या बाईनं भावाला मात्र शब्दावर सोडलं. माणूस घरच्यांच्या बाबतीत असा आंधळा होतो, आणि होऊ नये असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

त्यानंतर आठवड्याभरात फोन सुरू झाला. सकाळी साडेआठला ठाण्यात हजेरी व्हायची, तेव्हाच कोणत्या रोडवर नाकाबंदी ते ठरायचं. नवाच्या ठोक्याला शामचा फोन. दोघं त्यांच्या बंजारी गोरबोलीत बोलत. "बाई, बाटी खाल्ली का?" भाकरीला तांड्यात बाटी म्हणतात. ती म्हणायची, "खाल्ली." बहुतेक वेळा तिनं खाल्लेली नसायची, पण भावाच्या जिवाला घोर नको. मग तो विचारायचा, "आज उन्हात कुठं उभं केलं तुला?" ती रोडचं नाव सांगायची. "सांभाळून राहा," म्हणून तो फोन ठेवायचा.

या एवढ्याशा फोनचं तिला कोण कौतुक! पाण्याच्या टाकीवर बायकांना ती मुद्दाम ऐकवायची, "तुमचे भाऊ राखीलेच दिसतात. माया भाऊ रोज इचारते." बायका तोंडं मुरडत, तेही तिला आवडायचं.

इकडे जमादार गुल्हाने मात्र डोकं खाजवत होते. नाका लावावा त्या रोडवर सगळे सोवळे. पिलेले जणू हवेत विरघळून जात. "काय बाप्पा, सारा तालुका माळकरी झाला का काय?" असं ते म्हणायचे आणि सगळे हसायचे. संगीताही हसायची.

यंदा पोळ्याची कर आली. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. आदल्या दिवशी पुरणपोळी खाल्लेली तोंडं त्या दिवशी मटणाकडे वळतात, आणि मटणामागून बाटली न बोलावता येते. सकाळच्या हजेरीला आर्णी रोड ठरला. नऊला फोन आला. बाटी खाल्ली का, आज कुठं, सांभाळून राहा. अकरा वाजता सगळे गाडीत बसले आणि गुल्हान्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "पुसद रोडले घे. आज पाहू कोन कुठून येते ते."

पुसद रोडवर अर्ध्या तासात चौघं सापडले. पाचवा धावजी, मालवाहू ऑटोवाला, पन्नाशीचा, बाजूच्या तांड्याचा. मशीननं आकडा दाखवला तसा तो संगीतावरच उखडला. गुल्हाने पलीकडे ट्रक तपासत होते, म्हणून आवाज खाली घेऊन म्हणाला, "संगीताबाई, हे बरं नाही केलं. सकाळी तुमचाच निरोप होता ना, का पुसद रोड मोकळा हाय म्हनून?"

"माया निरोप?"

"मंग कोनाचा? तीन सालापासून तुमच्याच जिवावर तर चालू राह्यलं आमचं."

त्यानं खिशातून फोन काढला. जीप आणि ऑटोवाल्यांचा ग्रुप होता. धावजीनं बोट लावलं आणि शामचा आवाज आला: "आपल्या बाईची पक्की खबर हाय. आज नाका आर्णी रोडले. पुसद रोडनं बिनधास्त या." वर सरकवावं तितके निरोप. नऊ वाजून पाच मिनिटं. नऊ वाजून सात मिनिटं. नऊ वाजून चार मिनिटं. दहा मिनिटांचाही धीर त्याला कधी धरवला नव्हता.

संगीतानं त्याला फोन खिशात घालायला लावला. आधी लाज वाटली. हा धावजी, ते जीपवाले, सगळे तीन वर्षं तिला आपल्यातलीच समजत होते. ती नाक वर करून रोडवर उभी राहायची, तेव्हा ते मनात हसत असतील. आणि हे गुल्हान्यांच्या कानावर गेलं तर वर्दी गेलीच. तरी मनाच्या एका कोपऱ्यातून कोणी म्हणत होतं, शाम दुसऱ्यांसाठी सांगत असेल, लोकांच्या भिडेला पडला असेल, पण स्वतः पीत नसेल. झेंड्यावर हात ठेवलाय त्यानं. त्या कोपऱ्याला धरून ती दोन तास उभी राहिली.

दोनच्या सुमाराला शामची जीप आली. करीच्या जेवणाला निघालेल्या बाया आणि पोरं आत दाटीवाटीनं बसली होती. तिला पाहून तो आधी दचकला, मग हसला. काच खाली झाली आणि वास आला. मशीनची गरजच नव्हती. नाका हलल्याचा ग्रुपवरचा निरोप या धुंदीत त्यानं पाहिलाच नसावा. गुल्हाने शेजारीच उभे होते, म्हणून तो गोरबोलीत, गोड आवाजात म्हणाला, "बाई, नळी नीट बसवू नको. गाडीत लेकरं आहेत, जाऊ दे."

लेकरं आहेत म्हणून जाऊ दे! संगीतानं मागच्या सीटवर पाहिलं. एक पाच-सहा वर्षांची मुलगी आपल्या धाकट्या भावाला मांडीवर सावरून बसली होती. संगीतानं नळीची पिशवी त्याच्या डोळ्यांदेखत फाडली, आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मराठीत बोला, ड्रायव्हर. साहेबांना समजलं पाह्यजे. घ्या मोठा श्वास."

शामनं गाल फुगवले आणि हवा आत ओढली. तिनं दुसऱ्यांदा फुंकायला लावलं, मग तिसऱ्यांदा. आकडा तीसच्या हद्दीपल्याड, शंभराच्या वर गेला. शामचा चेहरा पडला आणि तो मराठीतच ओरडला, "आर्णी रोड म्हनली होती ना तू सकाळी? सख्ख्या भावाले फसवलं तू, बाई!"

तीन वर्षं फसवणारा तो, आणि फसवल्याचं बोलणं तिलाच ऐकावं लागत होतं.

गुल्हाने हळूच वळले. "काय म्हने हा, संगीता?"

नाही म्हणायला जागा होती. पिलेल्या माणसाचं बोलणं कोण धरतो? पण खोटं बोलून वाचवावं असं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. "हो साहेब," ती म्हणाली. "रोज मीच सांगत होती. हा इचारे, मी सांगो."

"पैसे घेत होती?"

"नाही."

"मंग कायले सांगत होती?"

संगीतानं मशीनची वापरलेली नळी काढली. "तो मले जेवली का म्हनून इचारत होता, साहेब."

गुल्हान्यांनी मान खाली घातली आणि कागद पुढे ओढला. शामची जीप ठाण्यात लागली, बायापोरांना दुसऱ्या गाडीनं पाठवलं. चौकशी होईपर्यंत संगीतानं ड्युटीवर यायचं नाही असं ठरलं. रात्री मानीबाईनं ताट दिलं ते आदळूनच. "भाऊ तो भाऊच ना? पोटच्या पोरासारखा वाढवला आणि रस्त्यावर उघडा केला," एवढंच ती बोलली. संगीता ताटावरून तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची वर्दी खुंटीवर तशीच होती. संगीतानं चूल पेटवली, बाटी भाजली, ताटात घेतली आणि फोन समोर ठेवून बसली. तो फोन खोटा होता हे आता तिला ठाऊक होतं. तरी नऊ वाजता तिचा कान तिकडेच गेला, आणि शामपेक्षाही जास्त राग तिला त्या कानाचा आला. साडेनऊपर्यंत फोन वाजला नाही. मग तिनं ताट तसंच झाकून ठेवलं.