बर्फाच्या कारखान्यातलं नाक

भूमच्या बर्फाच्या कारखान्यात सुरक्षा सल्लागार निकिता पहिल्यांदा आली, तेव्हा कॉम्प्रेसरच्या खोलीतून आधी अमोनियाचा भपकारा बाहेर आला, मग मिशा, आणि सवडीनं उरलेले बलभीमतात्या. त्या भपकाऱ्यानं छपरावरची कबुतरं म्हणे उडाली ती थेट येरमाळ्यात जाऊन बसली. मालक गौरीशंकर शेट छाती फुगवून म्हणाले, "मॅडम, हे आमचं नाक. बत्तीस वर्षं झाली. गॅस सुटला की पहिले तात्या ओरडणार."

तात्या विनयानं हसले. खरं तर ते नाक नऊ वर्षांपूर्वीच वारलं होतं. अमोनिया हुंगून हुंगून त्याला आता घरची फोडणीही कळत नसे. कारभार चालवत होतं ते कॉम्प्रेसरमागं उबेला झोपणारं एक मांजर. ते ताडकन उठून पळालं की तात्या ओरडत आणि वाहवा नाकाची होई. मांजराला संध्याकाळी खव्याचा गोळा मिळे. कुणी विचारलंच, तर भूतदया.

निकितानं कागद काढला. रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांचा कायदा बदलला होता. आता गॅस ओळखणारं यंत्र हवं, कामगारांची दरवर्षी तपासणी हवी. "तुमच्या नाकाचीसुद्धा, काका. आणि त्या खोलीत जनावर चालणार नाही."

गुरुवारी डॉक्टर आले. कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी, भिंतीवर नवं यंत्र हिरवा दिवा लावून बसलं होतं. सकाळी हाकललेलं मांजर खिडकीतून परत आत गेलंय, हे फक्त तात्यांना ठाऊक होतं. ऑफिसात डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि नाकाशी बाटली धरली.

"कशाचा वास?"

तात्यांच्या कानामागून घाम ओघळला. "लवंग."

"नक्की?"

"न्हाय... कापूर."

तेवढ्यात पायांवरून काहीतरी मऊ, सुसाट गेलं. तात्यांनी रुमाल ओढून काढला. टेबलाखाली मांजर होतं, शेपूट फुललेली. आणि आत बर्फाच्या लाद्या ओढणारी चार माणसं होती.

"शेट, पोरांना बाहेर काढा. गॅस सुटलाय."

"यंत्र तर गप हाय," शेट म्हणाले. "तपासणी चुकवायला लई झ्याक मुहूर्त काढला, तात्या."

"खरंच वास आला, काका?" निकितानं विचारलं.

डॉक्टरांनी बाटली उचलून दाखवली. "यांना नाकाखालचं रॉकेल कळलं नाही."

तात्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. "न्हाय आला. नऊ वर्षं येत न्हाय. वास ह्या मांजराला येतो, नाव माझं व्हतं. आता तरी हाक मारा त्यांना."

निकिता धावली. चौघं खोकत, डोळे चोळत बाहेर आले. त्यांच्यामागून पांढरा धूर आला. तात्यांनी बाहेरचा मोठा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, तेव्हा कुठं सगळ्यांनी यंत्राकडं मान वळवली. त्याच्यावर कंपनीचं प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं होतं.

"धूळ बसू नये म्हणून," शेट पुटपुटले. त्यांच्या स्कूटरच्या सीटवरही ते सात वर्षं होतं.

प्लास्टिक काढलं. कारखान्याला परवाना मिळाला. वास न येणारा माणूस त्या खोलीत ठेवता येत नाही, म्हणून तात्या आता गेटवर टेम्पोचे नंबर लिहितात. मांजर एका खव्याच्या टेम्पोत चढून गेलं, ते परत आलं नाही.