पूजा झालेला तक्ता

गणूतात्याला शनिवारी कामावरून काढायचं, असं मालकांनी मंगळवारी सकाळी ठरवलं आणि पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते माझ्याकडेच येणार होतं. कारखान्यात कोणतं काम कोणाकडे जातं हे सांगणारा तक्ता मीच काढला होता, आणि 'कामगारांशी पत्रव्यवहार' ही ओळ माझ्याच चौकटीत होती.

आमचा कारखाना ऑइल इंजिनांचा. कोल्हापूरच्या आसपास तेव्हा उसाच्या चरकाला बैलांऐवजी इंजिन जोडण्याची हौस वाढत होती. चरक म्हणजे रस काढणारं यंत्र. गुऱ्हाळाच्या हंगामात ते दिवसभर फिरतं. दसरा उलटला की आमच्या फाटकाशी बैलगाड्या उभ्या राहायच्या आणि लाकडी खोक्यात बंद केलेलं एकेक इंजिन गावाला जायचं. ती खोकी भरून खिळे ठोकण्याचं काम गणूतात्याचं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्वी फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, गेली होती. तेव्हापासून तो फाटकाजवळच्या पत्र्याखाली बसत असे.

त्या वर्षी दिवाळीपासून पाच इंजिनं गावाला जाऊन मुकी बसली. मागच्या हंगामांत असं कधी झालं नव्हतं. मालकांनी महादू मिस्त्रींना बोलावलं. ते आमचे हेड फिटर. त्यांनी टेस्टची कार्डं टेबलावर ठेवली. प्रत्येक इंजिन जोडून झालं की टेस्ट बेडवर, म्हणजे सिमेंटच्या ओट्यावर, बसवून चालवून बघतात. पाचही कार्डांवर 'ठीक' लिहून खाली मिस्त्रींची सही होती.

"माझ्या हातनं जातंय तवा इंजिन वाजतंय," मिस्त्री म्हणाले. "म्होरं कोन दणकं देतंय त्ये बगा."

मिस्त्रींच्या पुढे दोनच माणसं. रंगारी आणि तात्या. रंगाऱ्याच्या हातात कुंचला, तात्याच्या हातात हातोडा. चौकशी तिथेच संपली.

आता त्या तक्त्याबद्दल सांगायला हवं. त्याच पावसाळ्यात मालकांनी मला मुंबईला सहा आठवड्यांच्या एका वर्गाला पाठवलं होतं. विषय बिझनेस मॅनेजमेंट. मालक स्वतः लेथवर उभं राहून वर आलेले, पण एका समारंभात त्यांच्या शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी "तुमच्याकडे मॅनेजमेंट कसं आहे?" असं विचारलं आणि मालकांना उत्तर देता आलं नाही. ते मला म्हणाले, "जाऊन बगून या. चांगलं असलं तर घिऊन या."

चांगलं होतं. शिकवणारे गृहस्थ टाय लावून सांगत, की एका माणसाला एकच साहेब असावा. हुकूम वरून खाली यावा आणि तक्रार खालून वर जावी, पायरी न चुकवता. आमच्या कारखान्यात त्या वेळी कोणीही कोणालाही ओरडत असे. मला फार लाज वाटली. परत आल्यावर मी महिनाभर पट्टी घेऊन बसलो आणि तक्ता काढला. वर मालक. त्याखाली जनरल मॅनेजर, म्हणजे मी. माझ्याखाली दोन फांद्या: उत्पादन महादू मिस्त्रींकडे, विक्री मालकांचे मेव्हणे रावसाहेब यांच्याकडे. पॅकिंग ही माल पाठवण्याची बाब, म्हणून तात्या विक्रीच्या फांदीला. चौकटी काळ्या शाईत, रेषा तांबड्या शाईत.

मालकांना तक्ता इतका आवडला, की त्यांनी तो सोनेरी फ्रेममध्ये बसवून घेतला. नेमकी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होते. लेथ झाली, ड्रिल झालं, हातोड्यांनासुद्धा कुंकू लागलं. मग मालकांनी तक्त्यापुढे नारळ फोडला, काचेवर कुंकवाचं बोट ओढलं आणि झेंडूचा हार घातला. मुंबईच्या वर्गात या पायरीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तर, मंगळवारी पत्र माझ्याकडे आलं आणि मला ते लिहवेना. मी मालकांना म्हटलं, "शनिवारपर्यंत वेळ आहे. एक इंजिन बघून येतो."

"तुमी जानार? तक्त्यात बसतंय का?"

"माझ्या चौकटीत 'देखरेख' आहे."

"मग जावा."

गुरुवारी गावोगाव जाऊन बंद इंजिनं दुरुस्त करणारा आमचा शंकर फिटर आणि मी कोडोलीला गेलो. दादू पाटलांच्या गुऱ्हाळावर इंजिन उभं होतं. त्याच्यावर वाळलेला हार होता, पायाशी नारळाच्या करवंट्या होत्या. शेजारी जुना चरक बैल फिरवत होते. पाटील बांधावरूनच ओरडले.

"या पावणं! चार गावची मानसं बोलिवलीती इंजिन बगाया. बैलं बगून गेली!"

"कधीपासून बंद आहे?"

"बंद व्हाया आदी चालू व्हावं लागतंय की! हँडल मारून मारून माझ्या दोन पोरांचं खांदं निखळलं."

शंकरने चाक हाताने फिरवलं. ते गिरकी घेऊन मोकळं फिरलं. इथे थोडं समजावून सांगतो. इंजिनाचं चाक हाताने फिरवताना एका जागी ते अडतं, कारण आत हवा दाबली जात असते. जोर केला तर जातं, सोडलं तर मागे उसळतं. कामगार त्याला 'दम' म्हणत. दम नसेल तर तेल पेटत नाही. शंकर वाकला, बाजूच्या वॉल्व्हवर रॉकेल सोडलं, लाकडाने टकटक केलं. वॉल्व्ह म्हणजे हवेची झडप. ती उघडी राहून अडकली होती, म्हणून हवा दाबलीच जात नव्हती. झडपेच्या दांडीवर हिरव्या रंगाचा ओघळ वाळून घट्ट झाला होता. पाऊण तासात इंजिन सुरू झालं. पाटलांनी पहिल्यांदा बैल सोडले, मग आम्हाला रस दिला.

"बाकीच्या इंजिनांनाही हेच झालं होतं?" मी शंकरला विचारलं.

"व्हय. सगळ्यांस्नी रंगच."

"मग रिपोर्टात का नाही लिहिलंस?"

"तुमच्या फॉर्मात कारनाचं तीनच रकानं हाईत. वाटेत बिघाड, वापरात बिघाड आनि तेल खराब. मी वाटेत बिघाडावर खूण करतो."

फॉर्म मीच छापून घेतला होता. मी रस पिऊन टाकला.

म्हणजे हातोड्याचा दोष नव्हता. पण रंगारी तोच होता, कुंचला तोच होता, हिरवा रंगही पूर्वीचाच. रंग काय यंदाच ओघळायला लागला? मग आधीच्या वर्षांत इंजिनं मुकी का झाली नाहीत? कोडोलीहून परत येईपर्यंत मला याचं उत्तर सापडलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी फाटकाजवळच्या पत्र्याखाली गेलो. गणूतात्या दगडावर वाकडे खिळे सरळ करत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"पत्र आनलंसा व्हय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या कारखान्याला ठावं हाय. तेवढं तुमच्या फोटूत कुनी लिवलं न्हाई." तक्त्याला तो फोटू म्हणत असे. "काढा की. वीस वर्सं झाली. हे खिळं तेवढं सरळ करून जातो."

"तात्या, खोक्यात ठेवताना तू इंजिनाचं चाक फिरवतोस का?"

आता त्याने वर बघितलं. पत्र द्यायला आलेला माणूस चाकाचं काय विचारतो, असं त्याला वाटलं असावं.

"फिरवल्याबिगर खोक्यात बसंल कसं? चाकाचा जड भाग खाली यावा लागतो. न्हाईतर गाडीत इंजिन डुलतंय."

"आणि फिरवताना दम नाही असं जाणवलं तर?"

"तर काय, हितनंच हाक मारायचो. 'ए रंगाऱ्या, तुझ्या आयला, परत शेण घातलंस!' त्यो रॉकेल घिऊन पळत यायचा. महिन्याकाठी एकदोन असायचीच."

"मग यंदा हाक का मारली नाहीस?"

तात्याने हातोडी खाली ठेवली.

"तुमीच सांगिटलंसा की. खंडेनवमीला. समद्यांना हुबं करून. रंगारी मिस्त्रींचा मानूस, तू रावसाहेबांचा मानूस. तिकडं वरडायचं न्हाई, आपल्या सायबाला सांगायचं. मी सांगिटलं. दर टायमाला सांगिटलं. कारकून चिठ्ठी करून द्यायचा त्यास्नी. मग त्ये म्हनायचे, बरं, खिळं मार. मी मारलं."

मी तडक रावसाहेबांच्या खोलीत गेलो. मालकांचे मेव्हणे कडक इस्त्रीचे आणि शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी टेबलाचा खण उघडून चिठ्ठ्या काढून दिल्या. पाचही होत्या, तारीखवार, टाचणी लावून. प्रत्येकीवर इंजिनाचा नंबर आणि 'चाक हलके फिरते' असा शेरा. खाली रावसाहेबांची टिपणी: 'विक्रीशी संबंध नाही. फाइल करावी.'

"तुम्ही मिस्त्रींना का नाही सांगितलं?"

"मिस्त्री माझ्या फांदीवर नाहीत," रावसाहेब म्हणाले. माणूस अगदी बरोबर बोलत होता.

शनिवारी सकाळी मी मालकांना फाटकाशी बोलावलं. मिस्त्री, रावसाहेब आणि रंगारीही आले. रंगून तयार असलेली चार इंजिनं ओळीने मांडली होती. मी तात्याला म्हटलं, "बघ."

तात्या पहिल्यापाशी गेला, डाव्या हाताने चाक फिरवलं. "ह्ये द्या." दुसरं. "ह्येबी द्या." तिसऱ्यापाशी त्याने चाक दोनदा फिरवलं आणि रंगाऱ्याकडे बघितलं. "ह्येच्यात दम न्हाई." चौथं ठीक होतं.

मिस्त्री पुढे झाले. त्यांनी तिसऱ्याच्या वॉल्व्हवरून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. मग मालकांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि चारही चाकं स्वतः फिरवून बघितली. लेथवरच्या माणसाचा हात तो, त्याला फरक लगेच कळला. ते तात्याकडे वळले.

"गाढवा, मग बोलला का न्हाईस?"

"बोललो की. पाच बारीला. चिठ्ठ्या हाईत."

चिठ्ठ्या मी पुढे केल्या. मालकांनी त्या वाचल्या, मेव्हण्यांकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "तक्त्याप्रमाणे इथे कोणीच चुकलेलं नाही. तक्ता माझा आहे. चूक माझी."

"म्हंजे पत्र तुमच्या नावानं लिवायचं?"

"तक्त्यात ते माझ्याच चौकटीत येतं. मीच लिहून मीच घेईन."

मालक हसले नाहीत, पण कोट परत घेतला.  तो अंगात चढवत म्हणाले, "तात्या, हाक मारायची. कुनालाबी. मलाबी."

"आनि शिव्या?" तात्याने विचारलं.

"त्या पूर्वी होत्या तेवढ्याच."

मी लगेच म्हटलं, की तक्त्यात दुरुस्ती करू, पॅकिंगची चौकट उत्पादनाखाली आणू. एक तांबडी रेष खोडायची आणि एक काढायची. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाचं नाक बदलायला निघालो होतो.

"पूजा झालेल्या तक्त्यावर खाडाखोड? नारळ फोडलाय त्येच्यापुढं!"

"मग तात्या विक्रीतच राहणार?"

"फोटूत ऱ्हाऊ दे तितंच. मानसाला हलवा की."

म्हणून आम्ही तात्याला हलवलं. त्याची खोकी, खिळे आणि दगड उचलून रंगाऱ्याच्या शेजारी मांडले. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर राहिलं. हाक मारायची गरजही उरली नाही, तात्या नुसता खाकरला तरी रंगारी रॉकेल घेऊन उठायचा. त्या हंगामात पुन्हा एकही इंजिन मुकं झालं नाही. दादू पाटलांनी पौष महिन्यात गुळाची एक ढेप पाठवली. ती कोणत्या फांदीला द्यायची यावर रावसाहेबांनी टिपणी मागितली. तोवर ती फिटिंग शॉपमध्ये संपली होती.

फॉर्ममध्ये मी चौथा रकाना छापून घेतला: 'काय दिसले ते लिहा.' पुढच्या काळात त्या एका रकान्यातून मी जितकं शिकलो, तितकं त्या सहा आठवड्यांत शिकलो नव्हतो.

माणसं एकमेकांना का ओरडतात, हे बघितल्याशिवाय त्यांना गप्प करू नये, इतकंच मॅनेजमेंट मला त्या हंगामात कळलं. बाकीचं मुंबईच्या वहीत आहे.

तक्ता मात्र जागेवरच राहिला. दर खंडेनवमीला मालक काचेवर कुंकवाचं बोट ओढत, आणि पुसायचं पाप कोणी करत नसे. त्यांचा हात नेहमी एकाच उंचीवर जाई. सातआठ वर्षांत कुंकवाचा चांगला थर झाला आणि जनरल मॅनेजरची चौकट त्याखाली पुरती झाकली गेली. तिथे काय लिहिलं होतं, हे मला कोणीही विचारलं नाही. कारखाना उत्तम चालला होता.