धुऱ्याच्या पलीकडचा ‘मी’

मी जात्याच संशयी. दूधवाल्याने एखाद्या दिवशी जरा जास्तच गोड आवाजात हाक मारली, तर मी आधी दूध बोटावर घेऊन पाहते. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या शाळेत जिल्ह्याचा नवा नकाशा आला. बाकीच्या शिकवणाऱ्या बाया कोणाची बदली कुठे होणार यावर बोलत होत्या. मी त्या नव्या रेघेकडे बघत विचार करत होते, की दोरी कोणी धरली असेल?

हा प्रश्न आमच्या घरचा आहे. आमची धानाची बांधी, भाताचं खाचर, आणि तिला लागून काकाची बांधी. मधे सामाईक धुरा, म्हणजे हातभर रुंदीचा मातीचा बांध. रोवणीच्या आधी ज्याने त्याने आपल्या बाजूने धुरा तासायचा आणि चिखलाने लिंपून काढायचा. रेघ सरळ यावी म्हणून दोरी ताणतात. एक टोक खुंटीला, दुसरं घरातल्या एखाद्या पोराच्या हातात. एकाने जरा जास्त तासलं की धुरा बारीक होतो. मग दुसरा पाणी फुटू नये म्हणून आपल्या बाजूने चिखल लावतो, आणि धुरा चार बोटं त्याच्याकडे सरकतो. मातीच ती, तक्रार करत नाही.

बाबा म्हणत, काका धुरा कोरतो. त्यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं. धुऱ्यावरची तूर एक वर्ष आम्ही तोडायची, एक वर्ष काकाने, असा रिवाज होता. भांडणानंतर यंदा कोणाचं वर्ष हेच ठरेना. शेंगा झाडावरच वाळून तडकल्या. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यानंतर काकाच्या बांधीत मी पाय ठेवला नाही.

बाबा गेले आणि मी कादंबरी लिहायला घेतली. सांगणारी अर्थातच मुलगी, ‘मी’. साधाभोळा बाप आणि धुरा कोरणारा काका. वाचल्यावर गावातल्या शेंबड्या पोरालाही हा काका कोण ते कळलं असतं. कळावं म्हणूनच लिहीत होते, खोटं कशाला बोलू?

आठ प्रकरणं झाली आणि गाडी अडली. शाळेतल्या मैत्रिणीने ती वाचली. म्हणाली, “तुहा काका सकाळपासून धुराच कोरून राहिला. जेवतगिवत नाही का तो? एक प्रकरण त्याले दे ना. त्यालेच ‘मी’ म्हणू दे.”

तिचं आणि माझ्या काकूचं माहेर एकाच गावातलं. दोन दिवस मी तिच्या डब्यातलं काही घेतलं नाही. पण नववं प्रकरण काही केल्या हलेना, तेव्हा नाइलाजाने काकाचा ‘मी’ लिहायला बसले. पहिल्याच ओळीला कळलं, की काकाला त्याच्या बाजूने काय दिसतं हेच मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बस धरली. कारध्याचा पूल ओलांडताना वाटत होतं, हे सगळं त्या मैत्रिणीचं कारस्थान आहे.

काका त्याच्या बांधीतल्या विहिरीपाशी खाटेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

“कोण व्हय?”

“मी.”

“आवाज बापाचा हाये,” काका म्हणाला. “बस.”

मी बसले नाही. लहानपणी ही विहीर आणि धुरा यांच्यामधून काकाची बैलजोडी जायची. मागे आम्ही पोरं चिखल उडवत धावायचो. आता तिथून जायला मला अंग चोरावं लागलं. आमच्या बाजूने हे कधी दिसलंच नव्हतं, मधे तुरीची दाटी. धुरा सरकतो, विहीर सरकत नाही. तरी मी विहिरीचा कठडा हाताने चाचपून पाहिला, काकाने नवा बांधून रुंद केला असेल म्हणून. कठडा जुनाच होता. म्हणजे धुराच काकाकडे सरकला होता.

“काय पाहून राहिली?” काकाने विचारलं.

“काही नाही.”

घरी येऊन लिहायला बसले. काका विहिरीपाशी उभा आहे, ‘मी’ म्हणतो आहे, आणि धुऱ्यापलीकडे त्याला वाकून तासणारा भाऊ दिसतो आहे. आणि त्याच्या डोळ्यांनी पाहायचं तर धुऱ्याच्या टोकालाही पाहावं लागतं. तिथे फ्रॉक खोचलेली एक पोरगी, हातात दोरी. बाप तिला हळूच म्हणतो, “सरक थोडीशी तिकडं.” ती सरकते.

आठ प्रकरणं मी स्वतःच्या तोंडाने सांगितली, त्यात ही दोरी एकदाही आली नव्हती. विसरले नव्हते मी. बाबांनी आवाज बारीक केला होता, आणि आवाज बारीक करून सांगितलेलं काम कसलं असतं, ते नऊ वर्षांच्या पोरीला चांगलं कळतं. मला लाज वाटली. त्या ओळींवर मी काट मारली आणि स्वतःला समजावलं, की प्रकरण उगीच लांबतं.

उरलेलं घेऊन पुन्हा गावी गेले. काकाबद्दल चांगलं लिहिलं आहे, हे त्याला ऐकवून मोकळं व्हायचं होतं. काकाने सगळं ऐकलं. चहा निवून गेला.

“तुह्या पाठात मी लयच गरीब दिसून राहिलो,” तो म्हणाला. “मीबी कोरत होतो, बाई. तुह्या बापावाणी जमलं नाही, एवढंच.”

मी हसले. सुटले असं वाटलं.

“पण मले इहिरीपाशी उभं केलं ना तुनं? तिथून भावासंगं एक पोरगीबी दिसे. दोरी धरून. ते काहून नाही दिसली मले?”

काट मारलेल्या ओळी कागदावर होत्याच. मी त्या वाचल्या. ‘ती सरकते’पाशी आवाज बारीक झाला, म्हणून तेवढं पुन्हा मोठ्याने वाचलं.

“हां,” काका म्हणाला. “आता सगळे आले धुऱ्यावर.”