दोरीवाल्याची शिट्टी

दोरीवाल्याला हे नाव पडलं ते त्याच्या खिशातल्या दोरीमुळे. शर्यतीच्या सायकलची फ्रेम जोडून झाली की तो एक बारीक दोरी मागच्या चाकाच्या खाचेपासून नेऊन, पुढच्या नळीला वळसा घालून परत मागे आणायचा. मग मधल्या नळीपासून दोन्हीकडची दोरी सारख्या अंतरावर आहे का ते पट्टीने मोजायचा. केसभर फरक निघाला तरी फ्रेम परत बाकावर. हे झालं कामाचं. पण खिशात दोरी बाळगणाऱ्याला जग वाकडंच दिसतं. कुणाकडे गेला तर आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचा आणि मग खुर्चीवर टेकायचा. मुलीचा भांग ती शाळेत असेपर्यंत त्यानेच तपासला. बायकोने मात्र लग्नानंतर आठवड्याच्या आत बजावलं होतं, "माझ्या नाकाला दोरी लावायची नाही." तेव्हापासून त्या नाकाकडे तो समोरून बघत नाही, बाजूने बघतो.

शहरात फ्रेम बांधणारे दोघंच. दुसरा आरसेवाला. त्याच्या फ्रेमचा रंग असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. दोघं एकाच उस्तादाकडे, एकाच बाकावर शिकले. तेव्हा त्यांच्यात अरे-तुरे होतं. मग आरसेवाल्याने चढाच्या वरच्या टोकाला दुकान काढलं, दोरीवाल्याने त्याच रस्त्यावर खाली, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागले. सरळ भांडले असते तर चार दिवसांत मिटलं असतं. आदराने वागायला लागले, त्याला काय करणार?

कुणी गिऱ्हाईक आरसेवाल्याला विचारायचं, "दोरीवाल्यांच्या फ्रेम कशा असतात हो?" आरसेवाला हातातला ब्रश खाली ठेवायचा, छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "माणूस चांगला आहे."

बस्स. पुढे एक अक्षर नाही. यात कुठे निंदा आहे म्हणून दाखवून द्या पाहू! पण ऐकणारा जे समजायचं ते समजायचा आणि तिथेच फ्रेमची ऑर्डर देऊन बाहेर पडायचा. दोरीवाला तरी कुठे कमी होता? त्याला कुणी आरसेवाल्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "रंग सुरेख देतात." आणि फ्रेम? "नाही, पण रंग खरंच सुरेख देतात."

अशी तीस वर्षं गेली. दोरीवाल्याचे डोळे थकले. जोडावरची बारीक रेघ दिसायला आता चष्म्यावर भिंग धरावं लागायचं. आणखी दोन-तीन वर्षं, मग बाक बंद, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती. कुणा जाणकाराने त्याची फ्रेम हातात घ्यावी आणि म्हणावं, काम चोख आहे. एवढंच. अडचण इतकीच, की शहरात जाणकार एकच होता आणि तो छताकडे बघून 'माणूस चांगला आहे' म्हणायचा.

आणि अशात त्या शिट्टीने घोळ घातला.

त्याचं झालं असं. नळ्या तापवून पितळेने जोडायच्या म्हणजे आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला एक बारीक भोक ठेवतात. उस्ताद त्याला नाकपुडी म्हणायचे. काम झालं की थेंबभर पितळ टाकून ती बुजवायची. दाताच्या डॉक्टरची फ्रेम चालू होती तेव्हा मुलीच्या निकालाचा फोन आला. दोरीवाला धावत आत गेला, मुलगी पास झाल्याचं ऐकून सगळ्यांना चहा पाजत बसला, आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यातली नाकपुडी तशीच उघडी राहून गेली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसं वाजतं, तसं उतारावर वेग आला की त्या भोकातून वाजायला लागलं.

डॉक्टरला शर्यतीत कुणी विचारत नसे. तो दरवर्षी शेवटून दुसरा यायचा, आणि शेवटचा आला नाही याचा आनंद मानायचा. त्या वर्षी घाटाच्या उतारावर पुढच्यांना मागून कर्कश शिट्टी ऐकू आली. त्यांना वाटलं पंच आले. भले लोक ते, शिस्तीत बाजूला झाले. डॉक्टर मधून सुसाट निघाला आणि तिसरा आला.

दुसऱ्या दिवसापासून दोरीवाल्याच्या दारात रांग. सायकल क्लबातली जुनी खोडं सांगू लागली, की फ्रेम शंभर टक्के अचूक असली तरच ती गाते. कुणी म्हणालं, नळीत चांदी मिसळलेली आहे. सायकलींच्या एका मासिकाने तर छापलं, की या अबोल कारागिराने आयुष्यभर साधना करून पोलादाला कंठ दिला. दोरीवाल्याने जीव तोडून सांगितलं, "अहो, चूक झाली माझी! भोक बुजवायचं राहिलं!" लोक एकमेकांकडे बघून हसले. केवढा हा विनय! रांग आणखी वाढली.

आता दुकानात पाहावं तर चांगली घरंदाज, पोट सुटलेली माणसं गुडघ्यांवर बसून चिमट्याला तोंड लावून फुंकतायत. दोरीवाला बाजूला दोरी घेऊन उभा. "ही बघा, सरळपणा बघा," तो म्हणायचा. "हो हो, ते असेलच," म्हणत गिऱ्हाईक पुन्हा फुंकायचं.

"फुंकू देत हो," बायको म्हणायची. "फुंकून झिजते का तुमची फ्रेम?"

"तीस वर्षं जे नीट केलं ते कुणी बघितलं नाही. एकदा चुकलो, तर माझा डंका वाजतोय."

"वाजतोय ना? मग झालं तर. माझा भाऊ पंचवीस वर्षं चुकतोय, त्याचं काय वाजलं?"

दोरीवाला ड्रिल घ्यायचा आणि चांगल्या, बुजवलेल्या फ्रेमला पुन्हा भोक पाडायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघवत नसे.

अशीच एक दुपार. रस्त्यावरची दुकानं जेवणासाठी बंद, दोरीवाल्याचं शटरही अर्धं खाली. त्या अर्ध्या शटरखालून दोन चकचकीत बूट आत आले आणि मागोमाग वाकून, कमरेवर हात ठेवून, कण्हत आरसेवाला आला. तीस वर्षांत पहिल्यांदा. दोरीवाल्याच्या हातातली कानस खाली पडली.

"बसा," दोरीवाला म्हणाला.

"बसता येत नाही, तेच सांगायला आलोय," आरसेवाला म्हणाला. "पाठ धरलीय. दोन वर्षांत स्वतःसाठी सहा फ्रेम बांधल्या. सहाही विकून टाकल्या. सायकलवर मी कसा बसतो ते मलाच कसं दिसणार? कुणीतरी बाजूला उभं राहून बघायला हवं." तो थांबला. पुढचं वाक्य त्याला दाढ काढल्यासारखं जड गेलं. "तुम्ही बघाल का?"

दोरीवाल्याने चष्मा वर सरकवला. "मी?"

"दुसरं कोण आहे? पण तीन अटी. कुणाला सांगायचं नाही. फ्रेमवर तुमचं नाव घालायचं नाही, रंग मी घरी देईन. आणि तिसरी..." त्याने कोपऱ्यातल्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "ती तुमची शिट्टी मला नको."

सबंध वर्षात शिट्टी नको म्हणणारा हा पहिला माणूस. दोरीवाल्याला त्याला मिठीच मारावीशी वाटली. पण अंगवळणी पडलेला आदर मध्ये आला. त्याने नुसती मापाची फीत काढली.

पायाच्या आतल्या बाजूचं माप घ्यायला दोन मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक वर दाबून धरावं लागतं. दुकानात त्यासाठी मुलीचा जुना शब्दकोश होता. शहरातला नामवंत आरसेवाला पायमोजे घालून भिंतीला टेकून उभा, मांड्यांत शब्दकोश, आणि खाली दोरीवाला भिंग लावून जमिनीपर्यंतचं माप वाचतोय. नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन आली. तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. दोन्ही कप खाली ठेवून ती आत गेली आणि आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

"एवढी वर्षं कुठली फ्रेम चालवत होता तुम्ही?" मापं लिहिता लिहिता दोरीवाल्याने विचारलं. रोज सकाळी आरसेवाला हिरव्यागार सायकलवरून उतार उतरताना सगळ्या शहराला दिसायचा. तीच त्याची जाहिरात होती.

आरसेवाला बूट घालत होता. त्याने मान वर केली नाही. "उस्तादांनी आपल्याला एकमेकांसाठी फ्रेम बांधायला लावल्या होत्या, आठवतं? तुमच्या हातची तीच. नऊ वेळा रंगवली. आता पाठच वाकत नाही, नाहीतर तिला काय धाड भरली होती?" मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "माझ्या हातची... ती आहे ना अजून तुमच्याकडे?"

ती दोरीवाल्याने दुसऱ्याच महिन्यात विकून जोडकामाची बत्ती घेतली होती.

"माळ्यावर आहे," दोरीवाला म्हणाला. "गुंडाळून, जपून ठेवलीय." आणि कान लाल झाले म्हणून तो कानस शोधायला बाकाखाली शिरला.

आरसेवाला गेल्यावर बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. दाराला कान लावूनच ती खोकत होती. "भोक ठेवा," ती म्हणाली. "तीस वर्षं 'माणूस चांगला आहे' ऐकलंत ना? आता त्यांना वाजत वाजत जाऊ दे भर बाजारातून."

"रंग देताना दिसेल त्यांना."

"मग मेण भरा. वरून लोखंडाचा कीस चोळा. उन्हाळा लागला की वितळेल."

बाईचं डोकं बघून दोरीवाला थक्क झाला. आरसेवाला रंग भट्टीत भाजत नाही, सात हात देऊन सावलीत वाळवतो. मेण रंगाखाली आरामात टिकलं असतं. पुढे कडक उन्हात एखाद्या सकाळी, ऐन उतारावर, सगळ्या शहरासमोर... दोरीवाल्याला रोज कामाला बसलं की ती शिट्टी ऐकू यायची आणि तो एकटाच हसायचा.

फ्रेम तयार झाली. दोरीवाल्याने नाकपुडीत मेण भरलं, वर कीस चोळला. भिंगातूनही कळेना, इतकं बेमालूम. मग सवयीने त्याने दोरी लावली. डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. केसाचासुद्धा फरक नव्हता. इतकी सरळ फ्रेम त्याच्या हातून कधी उतरली नव्हती, आणि या डोळ्यांनी पुन्हा उतरणारही नव्हती. हौसेने त्याने बायकोला हाक मारली. ती आली, म्हणाली, "छान आहे, नेहमीसारखीच," आणि दूध उतू जातंय म्हणत पळाली. तिचंही चुकलं नाही. ही फ्रेम काय आहे ते समजेल असा जगात एकच माणूस होता, आणि फ्रेम त्याचीच होती.

दोरीवाल्याने दोरी गुंडाळून खिशात ठेवली. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने बत्ती पेटवली, मेण जाळून काढलं आणि नाकपुडीत पितळेचा थेंब टाकला. पुन्हा दोरी लावून बघितली. फ्रेम केसभरही हलली नव्हती.

ठरल्या दिवशी आरसेवाला आला. फ्रेम बाकावर होती. त्याने खिशात हात घातला आणि काय काढलं? दोरी! गाठी पडलेली, काळी झालेली, उस्तादांच्या वेळची. अशा दोरीला तो तीस वर्षं मनातून हसतो, असं दोरीवाल्याला वाटायचं. पाव तास नुसती दोरी चालली. वळसा घातला, मोजलं, उलट बाजूने घातला, पुन्हा मोजलं. शेवटी आरसेवाल्याने चिमटा उचलला आणि नखाने नाकपुडीवर टिचकी मारली.

"बुजवलीस?"

"बुजवली."

"पितळेनं?"

"पितळेनं."

"मी असतो तर मेण भरलं असतं," आरसेवाला म्हणाला.

दोरीवाल्याला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, तेव्हा आरसेवाल्याने त्याची पाठ थोपटली. थोपटणारा हात जरा जास्तच वेळ पाठीवर राहिला. मग त्याने फ्रेम गोणपाटात गुंडाळली, शटरखालून वाकला, आणि वाकल्या वाकल्या, मान न वळवता म्हणाला, "माणूस चांगला आहेस."

बाहेर काही बदललं नाही. क्लबात कुणी विचारलं तर आरसेवाला अजून छताकडे बघून तेच वाक्य म्हणतो. दोरीवाल्याच्या दुकानात अजून लोक गुडघ्यांवर बसून फुंकतात. तीस वर्षांत मिळालेली एकमेव शाबासकी, आणि तीही कुणाला सांगायची सोय नाही! बायको तेवढी जाणते, आणि मेण वाया गेलं म्हणून कुरकुरते.

पण रोज सकाळी साताला, दुकान उघडायच्या वेळी, आरसेवाला हिरव्यागार नव्या सायकलवरून उतार उतरतो. सायकलचा आवाज म्हणून नसतो. दुकानासमोर आला की मात्र तो स्वतः ओठांचा चंबू करतो आणि शिट्टी मारतो. दाताच्या डॉक्टरने त्याला नुकतीच कवळी बसवली आहे. त्यामुळे शिट्टी कसली, निम्मी हवाच बाहेर पडते.

परवा रांगेतल्या पहिल्या गिऱ्हाइकाने ती ऐकली आणि नाक मुरडलं. "तुमची नक्कल करतायत आरसेवाले. पण शिट्टी काही जमली नाही हं त्यांना."

"जमली हो," दोरीवाला म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. "चांगली जमली."